ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस: सोसायटीने निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा?

भांडुपकर (धागाकर्ता)

नमस्कार. आमची गृहनिर्माण संस्था भांडुप पश्चिमेला असून तीत ४१२ सदनिका आहेत. २ ऑक्टोबर २०१७ पासून मुंबई महापालिकेने लागू केलेल्या धोरणानुसार २०,००० चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून अधिक ओला कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांनी तो आवारातच जिरवावा अशी अपेक्षा आहे. आम्ही काही वर्षे खत करण्याचे विजेवरचे यंत्र चालवले, परंतु वीजबिल आणि दुरुस्ती यांना कंटाळून ते बंद केले. आता बायोगॅसचा, म्हणजे बंद टाकीत जिवाणूंकडून ओला कचरा कुजवून जळणारा वायू मिळवण्याचा, प्रस्ताव पुढे आला असून त्याचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या पाच जणांच्या समितीचा मी निमंत्रक आहे.

निर्णय कोणाच्या आवडीनिवडीवर होऊ नये, म्हणून आम्ही थॉमस साटी यांनी १९७०च्या दशकात मांडलेली जोडीजोडीने तुलना करण्याची पद्धत वापरली. बायोगॅस, खत आणि कचरा बाहेरच्या संस्थेला देणे असे तीन पर्याय घेतले. भांडवली खर्च, चालू खर्च, जागा, दुर्गंधी, उत्पन्न आणि पर्यावरण असे सहा निकष ठरवले. प्रत्येक दोन निकषांची १ ते ९ या पट्टीवर तुलना करून त्यांचे भार, म्हणजे कोणत्या निकषाला किती महत्त्व ते, काढले आणि सुसंगतीचे गुणोत्तर ०.१ च्या आत असल्याचीही खात्री केली. बायोगॅस स्पष्ट फरकाने पहिला आला. तीन पुरवठादारांची दरपत्रके हाती असून तिघांनीही दिवसाला २५० किलो क्षमतेचा प्रकल्प सुचवला आहे.

गणित बरोबर आहे, तरीही माझे समाधान होत नाही. आम्ही उत्तर काढले, पण प्रश्नच अपुरे विचारले, असे मला वाटत राहते. विशेष सर्वसाधारण सभेला अजून अडीच महिने आहेत. आम्ही कोणते प्रश्न विचारले नाहीत, हे जाणकारांनी सांगावे.

मेथेन

मी रासायनिक अभियंता असून माझे बरेचसे काम सांडपाण्याच्या प्रक्रियेत झाले आहे. २५० किलो हा आकडा कोठून आला, हा माझा पहिला प्रश्न. प्रत्येक घरामागे अर्धा किलो धरले, ४१२ ने गुणले आणि पुढे थोडी मोकळीक ठेवली, असे असेल तर ते मोजमाप नव्हे. काटा आणा आणि किमान एक महिना रोज वजन करा. एप्रिल आणि मेमध्ये निम्मी घरे गावी गेलेली असतात, गणपतीत निर्माल्य आणि खरकटे दोन्ही वाढते, आणि पावसाळ्यात उघड्या डब्यांतील कचऱ्याच्या वजनात पाण्याचाच मोठा वाटा असतो. सरासरीइतकाच सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दिवसाचा आकडाही महत्त्वाचा आहे, कारण टाकीतल्या जिवाणूंना उपासही सोसत नाही आणि अजीर्णही.

वजनानंतर त्यातले पचणारे किती, ते वेगळे काढा. शहाळी, करवंट्या, आंब्याच्या कोयी, हाडे, अंड्यांची टरफले, केळीची पाने, हारांचे दोरे ही सगळी सामग्री ओल्या डब्यात येते, पण ती गॅस देत नाही. ती एकतर दळणयंत्र अडवते किंवा टाकीच्या तळाशी बसून तिची क्षमता वर्षागणिक कमी करते. लिंबू आणि संत्र्याच्या साली थोड्या चालतात, पण जास्त झाल्या तर त्यांतील तेल जिवाणूंना मारक ठरते. मासळीचे अवशेष गॅस चांगला देतात, परंतु त्यांतील नत्रामुळे अमोनिया वाढतो. म्हणून मासळी जास्त असलेल्या वस्तीत तिचे प्रमाण बेताचे ठेवावे लागते.

यानंतरचे गणित सोपे आहे. स्वयंपाकघरातील एक टन चांगल्या वर्गीकृत कचऱ्यापासून साधारण ८० ते १२० घनमीटर बायोगॅस मिळतो आणि त्यात ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा जेमतेम अर्धा किलो. पुरवठादाराने याहून मोठा आकडा दिला असेल, तर तो कोणत्या कचऱ्यावर आणि कोठे चालू असलेल्या प्रकल्पात मिळाला, हे लेखी मागा.

परसबाग

मी खताच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. यंत्र बंद पडले म्हणजे खत बनवणे फसले असे होत नाही. विजेवर कचरा तापवून चोवीस तासांत 'खत' देणारी यंत्रे बहुतांशी कचरा वाळवतात. त्यातून निघतो तो भुगा पुन्हा ओला झाला की सडू लागतो. जाळीदार पिंपे किंवा विटांचे हौद, सुका पाला, थोडे विरजण आणि दर काही दिवसांनी वरखाली करणारा माणूस, एवढ्यावर तीस ते पंचेचाळीस दिवसांत उत्तम खत तयार होते. तुमच्या तक्त्यात 'खत' या नावाखाली तुम्ही त्या बंद यंत्राचाच अनुभव मोजला असेल, तर ती तुलना न्याय्य नाही. प्रत्येक पर्यायाचे सर्वांत चांगले रूप घेऊनच तुलना करावी.

दुसरे असे की बायोगॅस घेतला तरी खताचे हौद तुम्हाला लागणारच. मेथेन यांनी जी यादी दिली, तिच्यातला बराचसा माल आणि बागेतला पालापाचोळा कोठे जाणार?

हिशेबनीस

धागाकर्त्यांची अस्वस्थता योग्य आहे आणि तिचे कारण त्यांच्या पद्धतीतच आहे. भार आणि गुण यांचा गुणाकार करून बेरीज घेतली की एका निकषातील उणीव दुसऱ्या निकषातील वाढीव गुणांनी भरून निघते. घर घेताना हे चालते, कारण दूर असलेले पण मोठे घर आणि जवळचे पण लहान घर यांत खरोखर देवाणघेवाण करता येते. परंतु बायोगॅसच्या प्रकल्पात काही गोष्टी अशा असतात की त्या नसतील तर बाकीच्या सगळ्या असून काही उपयोग नाही. गॅस वापरणारी शेगडी जवळ नाही, या उणिवेची भरपाई पर्यावरणाच्या निकषावर मिळालेल्या नऊ गुणांनी कशी होईल? तक्त्यात मात्र ती होते. म्हणून तुमचा तक्ता आतून सुसंगत असूनही वास्तवाशी विसंगत असू शकतो. ०.१ च्या आतले गुणोत्तर एवढेच सांगते की तुमची मते एकमेकांना छेद देत नाहीत. ती मते खरी आहेत की नाहीत, हे त्यातून कळत नाही.

माझी सूचना अशी की निर्णय दोन टप्प्यांत घ्यावा. पहिल्या टप्प्यात गुण नकोत, फक्त होय किंवा नाही अशी उत्तरे असावीत. वर्गीकृत कचरा वर्षभर मिळेल का? रोज टाकी भरणारा आणि तिच्याकडे लक्ष देणारा माणूस, आणि तो रजेवर गेला तर दुसरा, आहे का? निर्माण होणारा गॅस त्याच दिवशी जाळणारा ग्राहक आहे का? टाकीतून बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे पचून उरलेला पातळ काला, घेणारी जागा आहे का? जागा सुरक्षित आणि कायदेशीर आहे का? यांतले एक जरी उत्तर 'नाही' आले, तरी तो पर्याय तेथेच थांबवावा किंवा ते उत्तर 'होय' होईपर्यंत पुढे ढकलावा. सगळे पर्याय या चाळणीतून पार पडले, तरच तुमचा तक्ता काढावा. मग भार थोडे इकडेतिकडे करून पाहावेत. पर्यावरणाचा भार थोडासा कमी केल्यावर पहिला क्रमांक बदलत असेल, तर तुमचा निष्कर्ष भक्कम नाही, हे सभेला मोकळेपणाने सांगावे.

माजी व्यवस्थापक

हिशेबनीस यांच्या पाच प्रश्नांपैकी दुसऱ्याविषयी मला अनुभवाने बोलता येते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मी एका निवासी संस्थेच्या भोजनगृहाचा व्यवस्थापक होतो. आमच्याकडे दिवसाला दोनशे किलोंचा बायोगॅस प्रकल्प होता आणि सुरुवातीची दोन वर्षे तो उत्तम चालला. त्याचे सगळे श्रेय यंत्राला नव्हे, तर एका कामगाराला होते. तो रोज सकाळी डब्यांत हात घालून चमचे, रबर, प्लास्टिकच्या पिशव्या वेचून काढत असे, दळलेल्या लगद्यात तेवढेच पाणी मिसळत असे आणि ज्योतीच्या रंगावरून टाकीची प्रकृती सांगत असे. तो गावी गेला तेव्हा त्याच्या जागी येणाऱ्यांना आम्ही कधीच नीट शिकवले नव्हते, हे आमच्या लक्षात आले.

त्याच सुमारास संस्थेत मोठा समारंभ झाला. उरलेला भात, पुऱ्या आणि गोडधोड असा तीन दिवसांचा माल एकदम टाकीत गेला. आम्हाला वाटले, खाद्य जास्त म्हणजे गॅस जास्त. चौथ्या दिवशी गॅसच्या टोपीत भरपूर वायू होता, पण शेगडी पेटेना. नव्या माणसाने गॅस कमी पडतो असे समजून आणखी खाद्य घातले. टाकी आंबली होती. आम्ल करणारे जिवाणू चपळ असतात, मिथेन करणारे मंद. पहिल्यांनी तयार केलेले आम्ल दुसऱ्यांना वेळेत खाता आले नाही की सामू (पीएच) उतरतो, सामू उतरला की ते आणखी मंदावतात, आणि वर जमा होतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. त्या वेळी खाद्य पूर्ण थांबवणे, थोडा चुना किंवा खाण्याचा सोडा घालणे, शेणकाला देणे आणि आठवडाभर वाट पाहणे एवढेच करायचे असते. आम्ही नेमके उलट केले. पुढे दुर्गंधीच्या तक्रारी आल्या आणि प्रकल्पाला कुलूप लागले. यंत्रात आजतागायत काहीही बिघाड नाही.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की वार्षिक देखभाल करारात 'यंत्राची दुरुस्ती' असते, 'टाकीची देखभाल' नसते, हे नीट वाचून पाहा. सामू रोज मोजणे, तो ६.८ ते ७.४ च्या दरम्यान ठेवणे, महिन्यातून एकदा आम्लता आणि क्षारता प्रयोगशाळेत तपासणे, आणि एकाऐवजी दोन माणसांना प्रशिक्षण देणे, हे सगळे करारात लिहून घ्या.

आराखडा

जागेविषयी. दरपत्रकात 'पोडियमवर बसवता येईल' असे लिहिले असेल, तर स्थापत्य अभियंत्याच्या लेखी मतावाचून सही करू नये. २५० किलो कचरा आणि तेवढेच पाणी म्हणजे दिवसाला ५०० लिटर. तीस दिवसांचा मुक्काम धरला तर १५ घनमीटर, म्हणजे सुमारे १५ टन वजन. अडीच मीटर उंचीचा द्रवाचा स्तंभ एका चौरस मीटरवर अडीच टन भार टाकतो आणि पार्किंगच्या साध्या स्लॅबची त्याच्या जवळपास जाणारीही तयारी नसते. टाकी जमिनीवरच असावी. मनोरंजनासाठी राखीव मोकळी जागा वापरायची असेल, तर त्या जागेवर काय बांधता येते याबाबत वॉर्ड ऑफिसकडून आधीच लेखी खुलासा घ्यावा. भांडुपला पाणी तुंबण्याचा अनुभव नवा नाही, तेव्हा जोत्याची उंची आपल्या आवारातील आजवरच्या सर्वांत उंच पाण्याच्या खुणेपेक्षा वर ठेवावी. पुराचे पाणी टाकीत शिरले तर महिन्याभराची मेहनत वाहून जाते आणि अर्धवट पचलेला लगदा आवारात पसरतो.

वाचक, परळ

प्रश्न थोडा वेगळा आहे. प्रत्येक सोसायटीने एवढा खटाटोप करण्याऐवजी महापालिकेने मोठे प्रकल्प उभारणे अधिक शहाणपणाचे नाही का? देवनारला महानगर गॅसच्या सहकार्याने दिवसाला १००० टनांपर्यंतच्या ओल्या कचऱ्यापासून वायुनिर्मितीचा प्रकल्प योजलेला आहे, असे वाचले होते.

मेथेन

परळचे वाचक, मोठे प्रकल्प हवेतच. परंतु आकार वाढला म्हणून प्रश्न बदलत नाहीत. लखनौला २००३ मध्ये शहरी कचऱ्यावर ५ मेगावॉट विजेचा प्रकल्प उभा राहिला आणि थोड्याच काळात बंद पडला, कारण तेथे येणाऱ्या कचऱ्यात माती, दगड आणि प्लास्टिक मिसळलेले होते. तंत्रज्ञान परदेशी आणि सिद्ध झालेले होते, पण ते वर्गीकृत कचऱ्यावर सिद्ध झालेले होते. उलट इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला दिवसाला ५५० टन क्षमतेचा प्रकल्प चालतो, कारण त्याआधी काही वर्षे त्या शहराने घराच्या दारातच कचरा वेगळा घेण्याची शिस्त बसवली होती, आणि तयार होणाऱ्या वायूला शहरातील बसगाड्यांचा ठरलेला ग्राहक होता. आधी शिस्त, मग ग्राहक, मग टाकी, असा तो क्रम आहे. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात २००५ मध्ये दिवसाला ३० टन भाजीपाल्याच्या कचऱ्यावर प्रकल्प उभारला गेला, तेथेही एकाच प्रकारचा माल एकाच जागी मिळणे हा त्यामागचा विचार होता.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये बायोगॅसपासून वाहनांचे इंधन तयार करण्याची 'सतत' योजना आणली, तेव्हा २०२३ पर्यंत ५००० प्रकल्पांचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात त्याचा अगदी लहान हिस्साच उभा राहिला. तयार वायू विकत घेण्याची हमी या योजनेत होती, पण योग्य कच्चा माल रोज पुरवण्याची हमी कोण देणार, हा प्रश्न जागोजागी अनुत्तरित राहिला, असे माझे मत आहे.

मुंबईला या विषयाचा वारसा मात्र जुना आहे. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये मैल्यापासून मिळणारा वायू दिव्यांसाठी वापरला गेला होता, आणि आपल्याच तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने या शतकाच्या आरंभी 'निसर्गऋण' हे दोन टप्प्यांचे तंत्र विकसित केले. त्यात कचरा आधी हवेच्या सान्निध्यात, सुमारे पंचावन्न अंश तापमानाला आवडीने वाढणाऱ्या जिवाणूंकडून मऊ करून घेतला जातो आणि मगच मिथेनच्या टाकीत जातो. भांडुपकर, तुमच्या तिन्ही दरपत्रकांत हा पूर्वपाचक आहे का, ते पाहा. तो वगळून किंमत कमी दाखवली असेल, तर त्या किमतींची तुलना करता येणार नाही.

भांडुपकर

सर्वांचे आभार. सल्ल्याप्रमाणे आम्ही काटा आणला आणि तीस दिवस वजन केले. आज त्याचे निष्कर्ष मांडतो.

सरासरी १७१ किलो भरली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस ११२ किलो होते आणि अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी २४० किलो, त्यात साली आणि कोयींचा ढीग मोठा होता. न पचणारा माल काढून टाकल्यावर टाकीत घालण्याजोगे सरासरी १३२ किलो उरले. म्हणजे तिन्ही पुरवठादारांनी सुचवलेला प्रकल्प आमच्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट होता. पूर्वपाचक फक्त एकाच दरपत्रकात आहे, आणि ते सर्वांत महाग असल्यामुळे आमच्या तक्त्यात तळाला गेले होते.

१३२ किलोंचा गॅस सरासरी १३ घनमीटर धरला, तर तो दिवसाला सुमारे ६ किलो एलपीजीच्या तोडीचा होतो, म्हणजे महिन्याला १९ किलोंचे साडेनऊ व्यावसायिक सिलिंडर. किलोला ९० रुपये धरले तर महिन्याला १६,२०० रुपये. प्रशिक्षित कामगाराचा पगार आणि त्याच्या सुटीतील बदली यांतच ही रक्कम संपते, तेव्हा 'पाच वर्षांत पैसे वसूल' हे दरपत्रकातील वाक्य आमच्यासाठी खरे नाही. हा कचरा जिरवण्याचा खर्च आहे, गुंतवणूक नाही, असे मी सभेत स्पष्ट सांगणार आहे.

हिशेबनीस यांच्या पाच प्रश्नांपैकी सर्वांत अवघड तिसरा, म्हणजे गॅसच्या ग्राहकाचा, ठरला. आमच्या प्रत्येक घरात नळाचा गॅस आहे आणि बायोगॅस त्या वाहिनीत सोडता येत नाही. सुरक्षारक्षकांच्या चहाला फार तर एक घनमीटर लागेल. जनरेटर लावून जिन्यांतील दिवे चालवावेत, अशी सूचना आली. परंतु घनमीटरमागे दीड युनिट धरले तरी दिवसाला वीस युनिटेही होत नाहीत, आणि त्यासाठी इंजिन, गंधक काढण्याची गाळणी आणि तेलपाणी सांभाळायचे, हे समितीला पटले नाही. आमच्या कुंपणाला लागून विद्यार्थिनींचे एक वसतिगृह आहे आणि त्यांचे स्वयंपाकघर प्रस्तावित टाकीपासून ४० मीटरवर आहे. त्यांच्याशी बोलणी सुरू केली आहेत.

मेथेन

वसतिगृह मिळाले तर फार चांगले, पण त्यांना दोन गोष्टी आधीच सांगा. त्यांच्या सध्याच्या शेगडीवर बायोगॅस नीट जळणार नाही. याची उष्णता कमी असल्यामुळे जेटचे छिद्र मोठे करावे लागते, त्यामुळे त्या शेगड्या वेगळ्याच ठेवाव्या लागतील. आणि नळीला उतार देऊन तळाशी पाणी काढण्याची तोटी ठेवा, नाहीतर वायूबरोबर येणारी वाफ थंड होऊन नळीत पाणी साठते आणि प्रवाह अडतो.

तिसरी गोष्ट तुमच्या समितीसाठी, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वसतिगृहाला उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुटी असते. त्या दिवसांत गॅस कोठे जाणार? १३ घनमीटरमध्ये साधारण ५ किलो मिथेन असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनचा तापवण्याचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरला जातो, म्हणजे तो तसाच हवेत सोडला तर दिवसाला १४० किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. ६ किलो एलपीजी वाचवून आपण साधारण १८ किलो टाळतो. याचा अर्थ गॅसचा केवळ एक अष्टमांश भाग गळला तरी इंधनबचतीचा पर्यावरणीय लाभ शून्यावर येतो. हाच कचरा देवनार किंवा कांजूरमार्गच्या कचराभूमीवर गेला असता तर तेथेही मिथेन तयार झाला असता, त्यामुळे त्या तुलनेत तुम्ही पुढेच राहाल. पण नीट वरखाली केलेल्या खताच्या हौदाशी तुलना केली, तर गळकी टाकी हरते. म्हणून जास्तीचा गॅस जाळून टाकणारी ज्योत दरपत्रकात असलीच पाहिजे आणि सुटीच्या दिवसांत टाकीला अर्धेच खाद्य द्यावे.

परसबाग

हे मेथेन यांनी लिहिले म्हणून बरे झाले. मी लिहिले असते तर पक्षपात वाटला असता. स्लरीचे काय ठरले?

भांडुपकर

दिवसाला सुमारे अडीचशे लिटर स्लरी निघेल. निम्मे पाणी निथळून पुन्हा कचरा कालवायला वापरता येईल असे पुरवठादार म्हणतात. उरलेली आमच्या बागेला उन्हाळ्यात पुरेल, पावसाळ्यात मात्र माती ती घेणार नाही.

मेथेन

निथळलेले पाणी सतत फिरवत राहिलात तर त्यात मीठ आणि अमोनिया साठत जातो, त्यामुळे अधूनमधून ताजे पाणी घ्यावेच लागेल. पावसाळ्यासाठी स्लरी खताच्या हौदांतील सुक्या पाल्यावर ओतावी. पाल्याला नत्र मिळते आणि स्लरीला जागा मिळते. हौदांवर छप्पर मात्र हवे.

माजी व्यवस्थापक

सुरक्षेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. टाकीत कोणत्याही कारणासाठी माणूस उतरवायचा नाही, हा नियम सभेच्या ठरावातच घाला. बायोगॅसमधील हायड्रोजन सल्फाइडला थोड्या प्रमाणात सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि माणसाला धोका कळत नाही. मुंबईत आणि आसपास मलकुंडांत सफाई कामगारांचे जीव असेच गेलेले आहेत. तळाचा गाळ बाहेरूनच काढता येईल अशी झडप नसेल, तर ती टाकी घेऊच नये. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगी पुरते, म्हणून टाकीभोवती कुंपण, सूचनाफलक आणि उघड्या हवेची जागा हवी. वाहनतळाच्या तळघरात हा प्रकल्प नको.

भांडुपकर

काल विशेष सर्वसाधारण सभा झाली. काय ठरले, ते कळवतो.

आम्ही जुना तक्ता सभेपुढे ठेवला आणि त्यातील त्रुटीही सांगितल्या. हिशेबनीस यांचे पाच प्रश्न फलकावर लिहिले. वर्गीकरणाच्या प्रश्नावर बराच वेळ चर्चा झाली, कारण तीस दिवसांच्या वजनात कोणत्या विंगमधून सॅनिटरी पॅड आणि दुधाच्या पिशव्या ओल्या डब्यात आल्या, याची नोंद आमच्याकडे होती. एका ज्येष्ठ भगिनींनी विचारले की वर्गीकरण होत नाही तोवर टाकी कशाला, आणि त्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

ठराव असा झाला. छपराखालचे खताचे हौद लगेच बांधायचे, कारण बायोगॅस झाला किंवा न झाला तरी ते लागणारच आहेत. त्यांत सगळा ओला कचरा जाईल. घरोघरचे वर्गीकरण सलग तीन महिने तपासायचे. वसतिगृहाशी लेखी करार झाला, वर्गीकरण टिकले आणि दोन कामगारांचे प्रशिक्षण पूर्ण झाले, तरच १५० किलो क्षमतेचा, पूर्वपाचक, गंधकाची गाळणी आणि जास्तीचा गॅस जाळण्याची ज्योत असलेला प्रकल्प मागवायचा. तिन्ही अटी पूर्ण होईपर्यंत सिंकिंग फंडाला, म्हणजे इमारतीसाठीच्या राखीव निधीला, हात लावायचा नाही.

हिशेबनीस

हौद आधी आणि टाकी अटींवर, हा क्रम मला फार आवडला. टाकीवर खर्च केलेले पैसे परत येत नाहीत, हौदांवर केलेले वाया जात नाहीत. तीन महिन्यांच्या नोंदी सूचनाफलकावर लावत राहा.

भांडुपकर

पाच महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे. वर्गीकरण दोन विंग सोडता चांगले टिकले आहे आणि त्या दोन विंगचा कचरा सध्या आम्ही हौदांतच घालतो. वसतिगृहाने करारावर सही केली, त्यात सुटीच्या तारखा आधी कळवण्याचे कलम आहे. टाकी जोत्यावर उभी राहिली असून पाण्याने भरून गळतीची चाचणी झाली आहे. आता सुरुवातीच्या विरजणासाठी शेण हवे. पुरवठादार म्हणतात, गोरेगावच्या तबेल्यांतून आणा. किती आणावे आणि कसे घालावे?

माजी व्यवस्थापक

अभिनंदन. शेण ताजे आणि औषधोपचार चालू नसलेल्या जनावरांचे घ्या, कारण प्रतिजैविके तुमच्या टाकीतल्या जिवाणूंनाही मारतात. तेवढेच पाणी घालून कालवा, गवत आणि काड्या जाळीतून गाळून काढा आणि टाकीचा साधारण एक तृतीयांश भाग त्याने भरा. मग दोन ते तीन आठवडे काहीही घालू नका. पहिला वायू टाकीजवळ पेटवून पाहू नका. त्यात हवा मिसळलेली असते, तो सोडून द्या. शेगडीवर निळी ज्योत स्थिर राहू लागली की दिवसाला दहा किलोंपासून सुरू करा आणि सामू पाहत पाहत दीड महिन्यात पूर्ण खाद्यावर या. या काळात सणवार आला तरी वाढीव माल हौदातच जाऊ द्या.

चालू प्रकल्पाची स्लरी शेणापेक्षाही चांगली, तिच्यात खरकट्याला सरावलेले जिवाणू तयार असतात.

वाचक, परळ

आमच्या कार्यालयाच्या उपाहारगृहात असा प्रकल्प चार वर्षांपासून चालू आहे. दोनशे लिटरची पाच पिंपे स्लरी आम्ही देऊ शकतो, टेम्पो मात्र आपण आणावा. पिंपांची झाकणे घट्ट लावू नका, वाटेत वायू तयार होत राहतो. शनिवारी सकाळी आठच्या आत आलात तर बरे, त्यानंतर आमच्या गल्लीत माल उतरवणाऱ्या गाड्या लागतात.

भांडुपकर

शनिवारी साडेसातला पोहोचतो. दोन्ही कामगारांना बरोबर आणतो, त्यांना चालू टाकी पाहायची आहे.